ओकावांगोच्या पाण्यातला तंबू: पैसे कशाचे मोजायचे

ओकावांगोला जायचं म्हटलं की टूरवाला पहिल्यांदा बजेट विचारतो. त्याच्याआधी तुम्ही त्याला विचारा, छावणी पाण्यातली की कोरड्यावरची? आफ्रिकेतल्या बोत्स्वानात ओकावांगो नदी पसरून झालेल्या या पाणथळ प्रदेशात, म्हणजे डेल्टात, कापडी तंबूंच्या छोट्या आणि महागड्या छावण्या पुष्कळ आहेत. फोटोंत सगळ्या सारख्याच दिसतात: लाकडी चौथरा, पांढरी मच्छरदाणी, समोर पाणी, हातात पेला. प्रत्यक्षात कोरड्यावरच्या छावणीत दिवस जीपमध्ये जातो, तर पाण्यातल्या छावणीत जीप नसते किंवा नावापुरती असते. तिथे मोटरबोट असते, मोकोरो नावाची अरुंद होडी असते आणि बेटांवर पायी भटकणं असतं. सिंह-बिबट्यांसाठी जाणाऱ्याने ती घेतली तर तो नाराज होऊन परत येईल. आम्ही दोघी बहिणींनी ठरवून पाण्यातली घेतली. मी हे लिहितेय ते, पाण्यासाठी जाणाऱ्याला तिथे काय मिळतं आणि त्यासाठी मोजलेले पैसे योग्य वाटतात का, एवढं सांगायला.

छावणीचं नाव लिहीत नाही. आसपास अशाच इतर छावण्या आहेत आणि पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

पैसे भरपूर लागतात. मोसमात अशा छावणीचा दर माणशी रात्रीला हजार डॉलरच्या पुढेच असतो, नावाजलेल्या ठिकाणी त्याच्या दुपटीच्याही वर जातो. राहणं, खाणं-पिणं, मार्गदर्शक, बोट, धुणं सगळं त्यात येतं. छोट्या विमानाचं भाडं कधी धरलेलं असतं, कधी नसतं, ते विचारून घ्यावं. हा दर मुद्दाम चढा आहे. बोत्स्वाना सरकारचं धोरणच असं की माणसं थोडी यावीत आणि प्रत्येकाकडून जास्त यावेत. डेल्टाचा मोठा भाग पर्यटन कंपन्यांना पट्ट्यापट्ट्यांनी भाड्याने दिलेला आहे, अशा पट्ट्याला कन्सेशन म्हणतात. प्रत्येक कन्सेशनात किती खाटा ठेवायच्या ते ठरलेलं असतं, आणि काही ठिकाणी ते भाडं काठावरच्या गावांच्या ट्रस्टकडे जातं. आमच्या छावणीत आठ तंबू होते. मैलोन्‌मैल दुसरी छावणी नाही. ताडोब्यात वाघाभोवती जिप्सींची रांग लागलेली मी पाहिली आहे, त्या रांगेत मीही बसले आहे. इथे एका प्राण्यापाशी दोन-तीनच्या वर गाड्या थांबू देत नाहीत. पाण्यावर तर सबंध सकाळभर दुसरी होडी दिसत नाही. ही मोकळीक विकत घ्यावी लागते आणि ती महाग असणारच, हे मला पटलं. आम्ही दोघींनी निवृत्तीनंतर साठवलेले पैसे होते, म्हणून हा हिशेब मी नीट केला आहे.

मुंबईहून जोहान्सबर्ग, तिथून डेल्टाच्या काठचं माउन गाव, आणि माउनहून सेसना हे छोटं विमान. छोट्या विमानात चाकांची कडक बॅग चालत नाही. मऊ कापडी पिशवी लागते आणि कॅमेऱ्यासकट साधारण 20 किलोंची मर्यादा असते. काही कंपन्या त्याहून कमी सांगतात. ही अट खरोखर पाळायला लावतात. विमान मध्ये आणखी कुठल्या छावणीच्या धावपट्टीवर उतरून कुणाला सोडतं, कुणाला घेतं. खिडकीची जागा मिळाली तर झोपू नका, कारण डेल्टा समजून घ्यायची ती सगळ्यात चांगली वेळ. वरून बेटं दिसतात, शेकड्यांनी. बहुतेकांच्या कडेला गर्द हिरवं कडं आणि मधोमध पांढरट, बोडकी जमीन. पाण्यातून वळत जाणाऱ्या काळ्या रेषा म्हणजे पाणघोड्यांच्या रोजच्या वाटा. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी ती पांढरी टिकली कशाची हे मला वरून कळलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी पायी फिरताना कळलं. त्याबद्दल खाली लिहितेच.

तंबूबद्दल थोडक्यात. तंबू म्हणजे कापडाच्या भिंतींची प्रशस्त खोलीच. लाकडी चौथऱ्यावर उंच बसवलेली, जमिनीत सिमेंट नाही. दोन स्वतंत्र खाटा, फ्लशचा संडास, गरम पाणी, बाहेर आडोशाला उघड्यावरचा शॉवर. वीज सौर, त्यामुळे केस वाळवायचं यंत्र किंवा इस्त्री विसरा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज होतात. रात्री अंथरुणात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवतात. ऑगस्टमध्ये पहाटे थंडी चांगलीच असते आणि जून-जुलैत त्याहून जास्त, तेव्हा हे लाड नसून गरज आहे. धुणं रोज नेतात, पण आतले कपडे नेत नाहीत. तिथली तशी पद्धत आहे. त्यासाठी साबणचुरा खोलीत ठेवलेला असतो.

अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. जेवायला न्यायला आणि परत सोडायला माणूस येतो. खाटेपाशी एक भोंगा ठेवलेला असतो, संकट आलं तर वाजवायला. हे नियम दिखाऊ नाहीत. पाणघोडे दिवसा पाण्यात आणि रात्री गवतात असतात, आणि छावणीचं गवत त्यांना आवडतं. कापडाच्या भिंतीपलीकडे गवत उपटल्याचा करकर आवाज, मध्येच जड श्वास. पहिल्या रात्री ताईने मला हलवून उठवलं आणि दोघी अंधारात नुसत्या ऐकत बसलो. भिंत कापडाची असण्याचा फायदा तो. काचेच्या खिडक्यांच्या चकचकीत लॉजमध्ये हे कानावर आलं नसतं, म्हणून पर्याय असेल तर कापडच घ्या.

एके दुपारी जेवणाच्या मंडपाशेजारच्या पाम झाडाशी हत्ती आला. हा पाम आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रावणताडाच्याच वंशातला, हायफेनी. हत्तीने कपाळ खोडाला टेकवलं आणि झाड गदागदा हलवलं. वरून तांबूस फळं टपाटपा पडली, ती त्याने सोंडेने एकेक वेचून खाल्ली. वाढपी थांबले, आम्ही थांबलो, सूप गार झालं. कुणी आवाज केला नाही, त्याला हाकललं नाही. एका देशात सगळ्यात जास्त हत्ती असतील तर ते बोत्स्वानात, सुमारे 1 लाख 30 हजार. तिथली माणसं त्यांच्याशी जमवून कशी राहतात ते असं जवळून दिसतं.

आता मोकोरो. छावणीची खरी परीक्षा इथे होते.

मोकोरो पूर्वी एकाच खोडातून कोरत. जॅकलबेरी म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या वंशातलं एक उंच झाड, त्याची किंवा सॉसेज ट्रीची. आता मोठी झाडं वाचावीत म्हणून फायबरग्लासच्या करतात, आकार तोच. दोन माणसं तळाशी, पाण्याच्या पातळीला बसतात आणि नावाडी मागे उभा राहून लांब काठी तळाला रोवत होडी ढकलतो. काठीला न्गाशी म्हणतात, तिचं टोक दुबेळकं असतं म्हणजे चिखलात रुतत नाही. हे कसब बायेई लोकांचं. उत्तरेकडून येताना तेच मोकोरो या पाण्यात घेऊन आले, आणि आमचा नावाडीही बायेईच होता. तो वडिलांबरोबर मासेमारी करता करता शिकला होता.

इंजिन नाही, वल्ह्याचा छपछपाट नाही. बोरूचे दांडे होडीच्या अंगाला घासल्याची सरसर तेवढी. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू आणि तिच्यावरून हलणाऱ्या सावल्या दिसतात. डोळे पाण्याच्या वर हातभर, त्यामुळे कुमुदिनीचं पान आपल्या खांद्याच्या पातळीत येतं. त्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा आफ्रिकी कमळपक्षी, कपाळावर निळी ढाल. पिल्लं सांभाळतो तो नर. मादी अंडी घालून निघून जाते, आपल्या कमळपक्ष्याचंही तसंच. नांदूरमध्यमेश्वरला मी हे पक्षी वर्षानुवर्षं मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहत आले. इथे दुर्बीण मांडीवरच राहिली.

नावाडी एका बोरूपाशी थांबला आणि काठीच्या टोकाने दाखवलं. बराच वेळ काही दिसेना. मग दांड्याला चिकटलेला नखाएवढा बेडूक दिसला, उन्हात फिकट पांढरा पडलेला. हा रीड फ्रॉग. संध्याकाळी हेच बेडूक मिळून इतके किणकिणतात की लांबून काचेच्या बांगड्या वाजल्यासारखं वाटतं. पुढे एका वळणावर त्याने काठी रोवून होडी थोपवली, मान कलती करून ऐकलं आणि वाट बदलली. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला, "पुढे खोल आहे, मा, तिथे पाणघोडा आहे." मोकोरो उथळ पाण्यातच राहते ती त्यासाठी. पाण्याचा रंग, बुडबुडे, गवत कुठल्या बाजूला मोडलंय, यावरून तो हे ओळखतो. छावणीत वाईन कुठली मिळते हे वेबसाइटवर ठळक लिहिलेलं असतं. नावाडी किती वर्षांचा जाणता आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते मेल करून विचारावं असं मला वाटतं.

माझी मोठी तक्रार इथेच आहे. छावणीच्या वेळापत्रकात मोकोरो म्हणजे तासाभराची एक चक्कर, फोटो काढण्यापुरती. उरलेल्या वेळी मोटरबोट, आणि शिवाय हेलिकॉप्टरच्या सफरीचा आग्रह. आम्ही व्यवस्थापक बाईंना सांगितलं की आम्हाला सकाळ पूर्ण मोकोरोतच हवी. त्यांनी लगेच ऐकलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. मुद्दा असा की मागावं लागतं. हेलिकॉप्टरला तर मी साफ नाही म्हणाले. आमच्या डोक्यावरून एक गेलं तेव्हा लेचवे हरणांचा कळप पाणी उडवत सैरावैरा धावला. ज्या शांततेसाठी माणसं इतके पैसे मोजतात ती दुसऱ्या कुणीतरी पैसे मोजून मोडावी, हे मला अजिबात पटत नाही.

बेटावरच्या पायी फेरीत ती पांढरी टिकली उलगडली. मार्गदर्शकाने आम्हाला आधी एका वारुळापाशी नेलं, माणसाहून उंच. तो म्हणाला की इथली बहुतेक बेटं अशीच सुरू होतात. वाळवी वारूळ बांधते, ते पुराच्या पाण्यावर डोकं काढून राहतं. पक्षी त्यावर बसतात, विष्ठेतून बिया पडतात, झाड उगवतं. झाडांची मुळं सभोवतीचं पाणी ओढतात, पानांतून ते उडून जातं आणि पाण्यातला क्षार मागे जमिनीत साठत जातो. बेट वाढतं, क्षार मधोमध जमतो, तिथली झाडं मरतात. उरतो तो क्षार सोसणारा पाम आणि खारं गवत, शेवटी नुसती पांढरी माती. कडेला मात्र अंजीर, जॅकलबेरी असं गर्द रान. बेटाच्या काठापासून मध्यापर्यंत चालत गेलो, तेव्हा शंभरेक पावलांत हा सगळा क्रम पायाखालून गेला.

आणि यातच ओकावांगोचं गुपित आहे. ही नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या पठारावरून कुबांगो आणि कुइतो या नद्या येतात, एकत्र होऊन नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतात, बोत्स्वानात शिरतात आणि कालाहारीच्या वाळूत पसरून संपतात. वर्षाला सुमारे 11 घन किलोमीटर पाणी येतं, त्यातलं जवळजवळ सगळं हवेत उडतं. बाहेर जायला वाट नसलेलं पाणी खारट व्हायला हवं. इथे ते गोड राहतं, कारण क्षार या बेटांच्या पोटात अडकून पडतो. झाडं क्षार गोळा करतात आणि त्यापायी बेटाच्या मध्यावरची झाडं जातात, म्हणून भोवतीच्या पाण्यात कुमुदिनी फुलते. टोपी घातलेला तो मार्गदर्शक काडीने मातीत आकृती काढून हे समजावत होता आणि मला माझ्या वर्गातली मुलं तिथे हवी होती असं फार वाटलं. मार्गदर्शक असा असेल तर निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

पूर कधी येतो हे जाणून न घेता तारखा ठरवू नका. अंगोलात पाऊस डिसेंबर ते मार्च पडतो. उतार इतका कमी आणि गवत इतकं दाट की ते पाणी डेल्टाच्या तोंडाशी एप्रिलच्या सुमारास आणि माउनपर्यंत जून-जुलैत पोचतं. म्हणजे आकाश कोरडं ठाक, पाऊस महिनोन्‌महिने नाही, आणि पाणी मात्र वाढतंय. त्यामुळे पाण्यातल्या छावणीसाठी जून अखेर ते सप्टेंबर उत्तम. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो, तिकडे डास कमी, दिवस स्वच्छ. प्रत्येक वर्षी पूर सारखा नसतो. 2019 साली तो इतका तोकडा पडला की पुष्कळ ठिकाणी पाण्यावरच्या फेऱ्याच बंद ठेवाव्या लागल्या. निघण्याच्या महिनाभर आधी छावणीला विचारा, पाणी किती आहे, मोकोरो चालू आहे का. चांगली छावणी खरं सांगते आणि गरज पडली तर दुसरीकडे सोय करून देते.

संध्याकाळची मोटरबोट मात्र मोलाची आहे, पपायरस नावाच्या लव्हाळ्याच्या उंच भिंतींमधल्या खोल पाणवाटांत मोकोरो जाऊ शकत नाही म्हणून. तिथे इंजिन बंद करून थांबल्यावर सिटाटुंगा दिसलं. पाण्यात अर्धं अंग बुडवून उभं असलेलं लाजरं हरीण, खूर लांब आणि फाकलेले, दलदलीत न रुतण्यासाठी. फार वेळ नाही दिसलं, पण दिसलं. मत्स्यगरुड तर झाडाझाडावर. मान मागे टाकून जी किंकाळी मारतो ती पाण्यावरून लांबवर जाते. पेल्स फिशिंग आउल, म्हणजे मासे पकडणारं तांबूस मोठं घुबड, आमच्या मार्गदर्शकाने एका अंजिराच्या दाट सावलीत शोधून दिलं. ते पाहायला जगभरातून पक्षीवाले येतात. वॅटल्ड क्रेन, गळ्याखाली लोलक असलेले उंच क्रौंच, जोडीने पूरमैदानात चरत होते. सिंह दिसले ते पलीकडच्या काठावर, लांबून. बिबट्या नाही. कुणाला ही यादी अपुरी वाटली तर त्याने दोन रात्री कोरड्यावरच्या कन्सेशनात जोडून घ्याव्यात. डेल्टातल्याच मोरेमी राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी नेता येत नाही आणि रात्रीची फेरी नसते, खासगी कन्सेशनात दोन्ही चालतं, म्हणून निवड करताना तेवढं पाहा. पण मोरेमीबद्दल एक सांगायलाच हवं. 1963 साली तिथल्या बटावाना लोकांनी स्वतःच्या जमातीची जमीन शिकारीपासून वाचवण्यासाठी आपणहून राखीव केली. 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ओकावांगो हजारावं स्थळ म्हणून आलं, त्याच्या पन्नास वर्षं आधीची ही गोष्ट.

जेवण. आम्ही दोघी शाकाहारी, तसं आधी कळवलंही होतं. पहिल्या रात्री आमच्यासाठी चीज घातलेला पास्ता आणि उकडलेल्या भाज्या आल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. मग ताई सरळ स्वयंपाकघरात गेली. "डुमेला, मा" म्हणून नमस्कार केला आणि तुम्ही घरी काय खाता ते विचारलं. मुख्य आचारी साधारण ताईच्याच वयाच्या बाई होत्या. त्या हसल्या आणि त्यानंतर आमचं ताटच बदललं. मोरोगो म्हणजे चवळीचा पाला, कांदा-टोमॅटोत परतलेला. डिखोबे म्हणजे चवळी आणि कांडलेल्या मक्याची एकत्र शिजवलेली उसळ. आणि सकाळी टिंग, ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली पेज. ताईने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "ही आपली आंबील गं." ज्वारी मूळ आफ्रिकेतलीच, तेव्हा नातं उलट्या दिशेचं आहे, आपण त्यांचं धान्य खातो. त्या बाईंनी ताईला पीठ किती दिवस आंबवतात ते सांगितलं, ताईने त्यांना जिरं-लसणाची फोडणी सांगितली. इतर पाहुणे मात्र सबंध मुक्काम पास्ता आणि स्टेक खात होते, कारण मेन्यूत ही नावंच नाहीत. छावणीने ती अभिमानाने मेन्यूत घालावीत, हे मी अभिप्रायवहीतही लिहून आले. तिखट लागणाऱ्यांनी लोणचं-चटणी न्यावी.

दुसरी खरी अडचण ताईच्या गुडघ्यांची. मंडपापासून तंबूंपर्यंत लाकडी पूल आहेत, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, आणि एका बाजूला कठडा नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात तिला धरूनच न्यावं लागायचं. सोबतचा माणूस प्रत्येक वेळी हात द्यायचा, तरी इतक्या पैशांत कठडा हवाच. मोकोरोत बसणं-उठणं हेही वयस्क माणसाला सोपं नाही, जागा अगदी तळाशी असते. दुसऱ्या फेरीला नावाड्याने होडी वारुळाच्या उतारालाच लावली, त्यामुळे ताई पायरी उतरल्यासारखी आत बसली आणि तशीच बाहेर आली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी तिचा चेहरा त्याने पाहिला होता.

मंडपात छोटंसं दुकान आहे. तिथल्या टोपल्या पाहा. पामच्या पानांच्या, वेटोळ्यांनी विणलेल्या, तपकिरी रंग झाडाच्या सालीचा. हांबुकुशु बायकांचं हे काम फार नेमकं असतं. 1960 च्या दशकाच्या शेवटी अंगोलातल्या युद्धातून निसटून आलेली ही माणसं डेल्टाच्या पश्चिम काठावर एत्शाच्या गावांत वसली. विणकरणीचं नाव चिठ्ठीवर असलेली टोपली घ्या.

कोणी जाऊ नये तेही सांगते. लहान मुलं घेऊन जाऊ नका, बऱ्याच छावण्या घेतही नाहीत. दिवसभर काहीतरी घडत राहायला हवं असेल, फोनला रेंज हवी असेल, तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. एका रात्रीसाठी तर मुळीच जाऊ नका. येण्या-जाण्यातच वेळ जातो. तीन रात्री किमान. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्या लागतात. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराच्या लसीच्या दाखल्याचा नियम आधी तपासा, परत येताना भारतात विचारणा होऊ शकते. कपडे मातकट रंगाचे, पहाटेसाठी जाड स्वेटर आणि कानटोपी. दुर्बीण 8×42 पुरते.

आरक्षण करताना तीन गोष्टी लेखी मागून घ्या: सलग दोन सकाळी मोकोरो, शाकाहारी असाल तर स्थानिक पदार्थ, आणि गुडघे दुखत असतील तर मंडपाच्या सगळ्यात जवळचा तंबू. टीपेसाठी छावणीत एक सामाईक पेटी असते, मार्गदर्शकाला वेगळं पाकीट द्यायची पद्धत आहे. नावाड्याचं बरेचदा राहून जातं, कारण तो निरोपाच्या वेळी धावपट्टीवर नसतो, पाण्यावर असतो. त्याचं पाकीट शेवटच्या फेरीला जातानाच खिशात घेऊन जा आणि त्याच्या हातात द्या.